बर्फ-कारखान्यातली चौकडी

रविवारी दुपारी ग्लेनिस लेगट ओव्हनचं दार उघडायला वाकली, आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतून हुंदका ऐकू आला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या खोलीतून असा आवाज कधी आला नव्हता. ती दार तसंच उघडं टाकून धावली. टम्म फुगलेल्या यॉर्कशर पुडिंगला गार वारा लागला आणि ते बसलं, ते बसलंच.

तिचा नवरा ट्रेव्हर सोफ्याच्या कडेवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून शर्टावर. समोर त्याच्या वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर फिरत होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"ऐक."

"छातीत दुखतंय का तुझ्या?"

"ग्लेनिस, नुसतं ऐक गं."

तिने ऐकलं. आधी खरखर, मग विहिरीत दगड टाकावा तसा ढोलाचा एकेक ठोका. त्याच्यामागून गिटार आली, चिखलातून पाय उपसत यावी तशी. आणि मग आवाज. माणसाचाच, पण माणसाच्या छातीत एवढी जागा असते हे कुणाला खरं वाटलं नसतं. तो आवाज समुद्राच्या तळाशी बसून वर बघत गात होता.

'वर आलंय गं, वर आलंय... काठावरून बाहेर आलंय... धाव गं राणी, धाव... सगळं वाहून चाललंय...' आणि मग लांबवलेला, घशात अडकलेला तो प्रश्न: 'कोऽऽण... कोऽऽण राहिलं?'

ग्लेनिसच्या हातावर काटा आला. ओव्हनचा हातमोजा अजून घातलेलाच होता, तरी आला.

"बरं," ती हातमोजा काढत म्हणाली. "पण पुडिंग बसलं."

ट्रेव्हर लेगट हा रडणारा माणूस नव्हता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबीत त्याने उभं आयुष्य लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात घालवलं होतं. भरतीची वेळ सांगावी त्या सुरात तो 'नापास' म्हणायचा. मुली रडायच्या, बाप्ये हात जोडायचे, एका खाटकाने तर त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. ट्रेव्हरने त्याला सीटबेल्ट लावायला सांगितलं. जगात नियम आहेत आणि ते पाळले की माणूस घरी सुखरूप पोचतो, ही त्याची श्रद्धा होती.

निवृत्तीनंतर मात्र या माणसाला वेगळंच वेड लागलं. साठच्या दशकात इंग्लंडच्या पावसाळी गावांतली पोरं अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी गायला लागली. कापसाचं झाड कसं असतं ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. खलाशी तिकडून तबकड्या आणायचे, ही पोरं त्या झिजेपर्यंत ऐकायची, आणि मग दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत उभी राहून असं गायची, की जणू ही सगळी दुःखं त्यांच्याच गल्लीत घडली होती. त्यांतले चार-दोन जगप्रसिद्ध झाले. ट्रेव्हरला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला ओढ होती ती उरलेल्यांची. पोस्टरवर ज्यांची नावं सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत असायची, ज्यांनी एखादी तबकडी काढली आणि मग जे नळदुरुस्ती नाहीतर विमा असल्या धंद्यात विरघळून गेले, त्यांची. त्यांचं एखादं विसरलेलं गाणं कानावर पडलं की ट्रेव्हर देवळात आल्यासारखा गप्प व्हायचा.

ही तबकडी त्याला सापडली ती गोदीजवळचा जुना क्लब बंद झाला तेव्हा. पियानो हलवायला माणसं हवी होती म्हणून तो गेला, आणि पियानोमागे धुळीत ती उभी होती. थाळीएवढी मोठी, काळी, जड. कारखान्यात हजारांनी निघते तसली नव्हे. त्या काळी पोरं हौसेने आपल्यापुरती एकच कोरून घ्यायची, तसली. वर शाईने लिहिलं होतं, 'आइस हाऊस फोर, १९६४'. बाकी काही नाही.

तबकडी मोठी असेल तर ती सावकाश फिरवायची आणि लहान असेल तर भराभर, हा नियम ट्रेव्हरला वडिलांनी शिकवला होता. त्याने खटका सावकाशवर ठेवला आणि सुई टेकवली. पुढचं ग्लेनिसने पाहिलंच.

*

दोन दिवसांनी त्याने पॉलिन ओडलिंगला चहाला बोलावलं. पॉलिन स्थानिक इतिहास मंडळाची चिटणीस. वय शहात्तर, पाठ झेंड्याच्या काठीसारखी ताठ, आणि धाक असा, की चर्चचे पाद्रीसुद्धा प्रवचन लांबलं की आधी तिच्याकडे बघून मगच पुढचं वाक्य बोलायचे.

ट्रेव्हरने तबकडी लावली. पहिल्या ओळीला पॉलिनने कप खाली ठेवला. दुसऱ्या ओळीला तिचा चेहरा पांढरा पडला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्याने पुन्हा लावली. आणि पुन्हा.

"मला वाटतं, हे त्रेपन्न सालच्या पुराचं गाणं आहे," ट्रेव्हर दबल्या आवाजात म्हणाला. "वर आलंय, काठावरून बाहेर आलंय. समुद्रच तो. पाण्यात मागे कोण राहिलं, विचारतोय. दुसरं काय असणार?"

त्रेपन्नच्या जानेवारीत समुद्र किनाऱ्याची भिंत ओलांडून आत शिरला होता. पॉलिन तेव्हा सहा वर्षांची होती. तिची मावशी त्यात गेली. हे ट्रेव्हरला ठाऊक होतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं; पण पॉलिनच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं. त्या किनाऱ्यावर त्या विषयावर कुणी बोलतच नसे.

"असेल," पॉलिन म्हणाली. मग तिने रुमालाने ओठ टिपले. "हे गावाला ऐकवलं पाहिजे, ट्रेव्हर. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी. चर्चच्या हॉलमध्ये, दुपारच्या चहाच्या वेळी."

पॉलिनने 'पाहिजे' म्हटलं की झालंच. आठवड्याभरात स्थानिक वर्तमानपत्रात ट्रेव्हरचा तबकडी धरलेला फोटो आला. खाली मथळा, 'समुद्राच्या तळातून आलेला आवाज'. बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या लाइफबोटीवरच्या मंडळींनी गणवेशात यायचं कबूल केलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना लिहायला घेतली. किनाऱ्यावरच्या गावांतून पूरग्रस्तांच्या घरची माणसं बस करून येणार, असा निरोप आला. बेकरीवाल्याने केकवर लाट काढायची तयारी दाखवली. ती मात्र पॉलिनने नको म्हणून सांगितली.

आणि मग पाद्रीबुवांनी ती सूचना केली. "अहो लेगट, ही गाणारी मंडळी हयात आहेत का कुठे? त्यांनी समोर उभं राहून गायलं तर काय बहार होईल!"

ट्रेव्हर रात्रंदिवस त्या गायकाचा विचार करायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा होता: साडेसहा फूट उंच, खांदे दारात न मावणारे, डोळ्यांत वादळ. शेवटी गोदीवरच्या एका म्हाताऱ्याने फोन केला. "आइस हाऊस फोर? अहो, ती बर्फाच्या कारखान्यातली पोरं! बर्फ फोडायची दिवसभर. गायचा तो डेनिस स्टॅम्प. क्लीथॉर्प्सला वाळूवर गाढवं घेऊन असायचा बघा, पोरांना फिरवायला."

*

क्लीथॉर्प्सच्या कडेला एका बुटक्या घराचं दार ट्रेव्हरने वाजवलं. दार उघडलं, पण समोर कुणी दिसेना. मग त्याने नजर खाली घेतली. पाच फुटांचा, सुकलेल्या हेरिंग माशासारखा एक म्हातारा उभा होता.

"तुम्ही!" म्हातारा ओरडला. चहाची किटली शिट्टी घालते ना, तसा आवाज. "तुम्हीच ना ते? वळणावर आरशात बघितलं नाही म्हणून मला नापास करणारे?"

"माफ करा, मला आठवत नाही—"

"मला आठवतंय ना! तीनदा! तिसऱ्यांदा तर मी आरशात इतका बघत होतो की पुढचा दिव्याचा खांबच दिसला नाही. तुमच्यामुळे मी जन्मभर गाढवं हाकली, मिस्टर लेगट!"

मागच्या अंगणातून एक गाढव ओरडलं.

"तो व्हर्नन," म्हातारा म्हणाला. "त्याने मला कधी नापास केलं नाही. काय काम आहे?"

ट्रेव्हरने चाचरत सांगितलं. आइस हाऊस फोरच्या गायकाला शोधतोय, डेनिस स्टॅम्पना.

"मीच डेनिस स्टॅम्प."

"नाही, म्हणजे... जे गायचे ते."

"मीच गायचो!"

ट्रेव्हरने त्या शिट्टीकडे अपार करुणेने पाहिलं. म्हातारपणी माणसं आपल्या तरुणपणाबद्दल काय काय सांगतात, असं त्याच्या मनात आलं. बहुधा हा वाद्यं उचलायला असेल. पण तो सभ्य माणूस होता. "मिस्टर स्टॅम्प, आमच्याकडे तुमची तबकडी आहे. ऐकायला याल?"

डेनिसचा सगळा राग एका क्षणात विझला. तोंड उघडं राहिलं. "आमची तबकडी? ती तर आमच्यातल्या चौथ्याने, आर्थरने, कुठेतरी हरवली होती. मरेपर्यंत त्याबद्दल माफी मागत होता बिचारा." त्याने डोळे पुसले आणि टोपी घेतली. "थांबा. केनलाही घेऊ. गिटारवाला. आणि रॉनीला, ढोल तो वाजवायचा. आम्ही तिघेच उरलोय."

*

ग्लेनिसने चौघांसाठी चहा केला. केन उंच आणि वाकलेला होता, बोटांची पेरं संधिवाताने अक्रोडासारखी झालेली. रॉनी दोन काठ्यांवर आला आणि सोफ्यात असा बसला की त्याला पुन्हा कोण उठवणार, ही काळजी सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

ट्रेव्हरने श्वास रोखून सुई टेकवली.

विहिरीतला ढोल. चिखलातली गिटार. मग तो आवाज.

तिघे म्हातारे पुतळ्यासारखे ऐकत होते. डेनिसने टोपी काढून छातीशी धरली. गाणं संपलं.

"देवा रे," डेनिस कुजबुजला. "काय गातोय! कोण आहे हा?"

"तुम्हीच ना?" ग्लेनिस म्हणाली.

"मी? बाई, असं गाता आलं असतं तर मी गाढवं हाकली असती?"

केन कपाळाला आठ्या घालून बसला होता. "चाल आपली आहे, डेनिस."

"आपल्यासारखी आहे खरी."

"ढोल मात्र माझा नाही," रॉनीने जाहीर केलं. "हा ढोलवाला दोन ठोक्यांच्या मधे घरी जाऊन जेवून येतोय."

केन उठला आणि वाकून रेकॉर्ड प्लेअरकडे बघायला लागला. मग त्याने आपलं अक्रोडी बोट खटक्याखाली घातलं, खटका पुढे सारला, आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

लेगटांच्या पुढच्या खोलीत जे उसळलं, ते सांगणं अवघड आहे. ढोल टणाटण उड्या मारत आला. गिटार त्याच्या मागे शेपटीला डबा बांधलेल्या मांजरासारखी पळाली. आणि या सगळ्यावर स्वार होऊन एक किनरा, खट्याळ, अठरा वर्षांचा आवाज किंचाळला: 'वर आलंय गं, वर आलंय! काठावरून बाहेर आलंय! धाव गं राणी, धाव! सगळं वाहून चाललंय! कोको! कोको राहिला!'

"हे बघा!" डेनिस टाळी देत ओरडला. "हे आम्ही!"

ट्रेव्हर तबकडीवर वाकला. "काय... काय वर आलंय?"

"दूध! शेगडीवर कोकोचं दूध ठेवलेलं असतं, आणि तो तिचे मुके घेत बसतो, आणि दूध जातं उतू. आर्थरच्या घरी खरंच झालं होतं. त्याच्या आईने झाडूने हाणला त्याला. त्याच्यावर केलं आम्ही गाणं."

ग्लेनिसने तोंडावर ॲप्रन दाबून धरला. तिचे खांदे हलत होते. शेवटी तिला राहवेना. "आयुष्यभर लोकांना वेगासाठी नापास करत आलास," ती हसताहसता कशीबशी म्हणाली, "आणि तुला स्वतःला—" ती स्वयंपाकघरात पळाली.

ट्रेव्हर मात्र हसत नव्हता. त्याला गणवेशातली लाइफबोटीची मंडळी दिसत होती. बस करून येणारी माणसं दिसत होती, आणि पॉलिनचा तो पांढरा पडलेला चेहरा. बुडालेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्याने अख्ख्या किनाऱ्याला आमंत्रण दिलं होतं, ते कोको ऐकायला.

*

त्याने पॉलिनला लगेच फोन केला.

"पॉलिन, त्या गाण्याबद्दल जरा—"

"किती खुर्च्या म्हणतोयस? सगळ्या लागणार आहेत. शाळेकडूनही मागवल्यात."

"तसं नाही, ते दूध—"

"दुधाचं बायकांनी घेतलंय अंगावर, तू चहात लक्ष घालू नकोस. गाणारे मिळाले ना? छान. शनिवारी." आणि फोन बंद.

मग तो डेनिसच्या विनवण्या करायला गेला. अंगणात व्हर्ननला गाजर देत डेनिसने सगळं ऐकून घेतलं.

"फक्त जरा सावकाश गा," ट्रेव्हर म्हणाला. "एवढंच. तबकडीसारखं. लोक खूप दुःखात आहेत हो."

"तर मग त्यांना बरं वाटेल असं गाऊ की!"

"मिस्टर स्टॅम्प, मी हात जोडतो."

"मीही जोडले होते, आठवतंय? तिसऱ्या वेळी?" डेनिसने गाजराचं उरलेलं टोक स्वतःच खाल्लं. मग त्याचा सूर जरा मवाळ झाला. "हे बघा. आम्हाला आयुष्यात एक गोष्ट यायची. आम्ही उभे राहिलो की अख्खी खोली हलायची. बर्फ फोडून बोटं निळी पडलेली असायची, पण खोली हलायची. तेवढं एकच आहे आमच्याजवळ. ते सोडायला नका सांगू."

ट्रेव्हरने जोडलेले हात खाली घेतले. कारण हेच तर होतं, ज्याच्यासाठी तो धुळीतल्या पियानोमागे वाकला होता.

*

शनिवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाद्रीबुवांची प्रार्थना झाली. लाइफबोटीची माणसं भिंतीला टेकून ओळीने उभी राहिली. पुढच्या रांगेत पॉलिन, काळ्या कपड्यांत, ताठ. ट्रेव्हर ग्लेनिसच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी दोघांनाही रुतली.

तिघे म्हातारे छोट्या मंचावर आले. आर्थरच्या जागी त्यांनी एक रिकामी खुर्ची ठेवली होती. केनने गिटारच्या तारा जरा सैल केल्या, पूर्वीसारख्या ताणलेल्या त्याच्या बोटांना झेपत नव्हत्या. डेनिसने ट्रेव्हरकडे बघून हनुवटी वर केली. अर्थ स्पष्ट होता: ऐका आता.

रॉनीने ढोलाच्या काठ्या एकमेकींवर आपटून वेग दिला. जलद! ट्रेव्हरने डोळे मिटले.

पहिल्या दोन मात्रा तुफान गेल्या. तिसऱ्या मात्रेला रॉनीचा खांदा मागे राहिला. चौथीला केनची बोटं त्याच्यासाठी थांबली. डेनिसने वरचा सूर धरायला तोंड उघडलं, तर तो सूर जागेवर नव्हताच. वर्षानुवर्षं वाळूवर गाढवांना हाका मारण्यात तो कधीच खर्च झाला होता. क्षणभर तिघांनी एकमेकांकडे भेदरून पाहिलं. मग डेनिस खालच्या सुरात उतरला, जिथे अजून थोडा आवाज उरला होता तिथे, आणि त्याला श्वास पुरावा म्हणून बाकीचे दोघे त्याच्याबरोबर सावकाश चालायला लागले. वाट अवघड असली की म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून चालतात, तसे.

ट्रेव्हरने डोळे उघडले. विहिरीतला ढोल. चिखलातून पाय उपसत येणारी गिटार. आणि त्या पाच फुटी माणसाच्या छातीतून तोच आवाज, समुद्राच्या तळाशी बसून वर बघणारा.

'वर आलंय गं, वर आलंय...'

मागे कप मांडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

'धाव गं राणी, धाव... सगळं वाहून चाललंय... को... को... राहिला...'

दोन शब्दांच्या मधे डेनिसला दम घ्यावा लागला होता, त्यामुळे ते काय होतं ते कुणालाच नीट कळलं नाही. सगळ्यांना एकच ऐकू आलं. कोण राहिलं?

मागच्या रांगेत एक म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला. सगळा जन्म त्याने समुद्राच्या वाऱ्यात काढला होता हे चेहऱ्यावरून दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "आमची एडिथ."

रॉनीचा ठोका चुकला नाही. उलट तो ठोका आणखी सावकाश पडू लागला.

'कोण राहिलं...'

"विल्फ्रेड आणि बाळ," खिडकीजवळची एक बाई म्हणाली.

"बाबा."

"मिसेस कार्टलेज. शेजारच्या."

नावं येत राहिली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कुणी हुंदका देत नव्हतं; हजेरी द्यावी तशी ती येत होती, सत्तर वर्षं उशिरा. डेनिस मंचावर उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. कडवी कधीच संपली होती. तो तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि आता तो स्वच्छ, स्पष्ट शब्दांत 'कोण' म्हणत होता.

सगळ्यांत शेवटी पुढच्या रांगेतून आवाज आला. "हिल्डामावशी," पॉलिन म्हणाली.

गाणं थांबलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ग्लेनिसने ट्रेव्हरकडे पाहिलं. तो हात गुडघ्यांत घालून बसला होता, पण या वेळी तिला कोण गेलं असं विचारावंसं वाटलं नाही.

*

चहाच्या वेळी ट्रेव्हर पॉलिनजवळ गेला. नियमाने चालणाऱ्या माणसाला खोटं पचत नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"पॉलिन, एक सांगायचंय. मी तबकडी चुकीच्या वेगाने लावली होती. ते गाणं पुराचं नाही. ते—"

"कोकोचं आहे," पॉलिन म्हणाली आणि चहात साखर घातली.

ट्रेव्हरने हातातला केक बशीत परत ठेवला.

"सतरा वर्षांची होते मी. दर शुक्रवारी जायचे त्यांना ऐकायला, आईला शिवणाच्या वर्गाला जाते सांगून. त्या गाण्यावर माझ्या नव्या बुटाची टाच तुटली होती." तिने चहा ढवळला. "तुझ्या घरी पहिली ओळ ऐकली तेव्हाच कळलं, काय झालंय ते. म्हणून तर पुन्हा लावायला सांगितलं. तोच डेनिस, तेच शब्द. आणि मला पहिल्यांदा हिल्डामावशीची आठवण इतकी... ती मला राणी म्हणायची."

"मग तू बोलली का नाहीस?"

"सत्तर वर्षं आमच्याकडे कुणाला त्यावर बोलायला सुरुवात सापडली नव्हती, ट्रेव्हर. ती सापडल्यावर मी मधे दूध कशाला आणू?"

तिने कप खाली ठेवला आणि सरळ मंचाकडे गेली. तिथे डेनिस केक खात होता आणि रॉनीला उठवायचं कसं यावर केनशी चर्चा चालली होती.

"डेनिस स्टॅम्प," ती चिटणिसाच्या आवाजात म्हणाली, "ते झालं. आता नीट वाजवा."

"बाईसाहेब, ऐकलंत ना आत्ता? आमच्यात जीव नाही उरला तेवढा."

"असेल तेवढा वाजवा. बाकीचं मी बघते."

रॉनीने केनकडे पाहिलं, केनने रिकाम्या खुर्चीकडे. मग रॉनीने ढोलाच्या काठ्या उचलल्या. ढोल टणाटण उड्या मारत सुटला, गिटार मागे पळाली, आणि डेनिसने शिट्टीसारख्या फाटक्या आवाजात दुधाची बातमी दिली. पाद्रीबुवांचा घास तोंडातच राहिला. पॉलिन ओडलिंगने बूट काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवले आणि काळ्या कपड्यांत, झेंड्याच्या काठीसारख्या ताठ पाठीने, ती हॉलच्या मधोमध नाचायला लागली. कडवं अर्धं होण्याआधी वाजवणारी मंडळी धापा टाकायला लागली आणि वेग ढेपाळला. तेव्हा मागच्या रांगेतल्या, एडिथचं नाव घेणाऱ्या म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटून ताल धरला. मग लाइफबोटीच्या मंडळींनी बूट आपटले. हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या.

ट्रेव्हर तोंड उघडं टाकून बघत होता. अख्खी खोली खरोखरच हलत होती.

"नुसता बघत काय बसलायस?" ग्लेनिसने कोपराने ढोसलं. "ऊठ."

"मला नाचता येत नाही गं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याला ओढत घेऊन गेली.